इमामभाईंचं धुराडं

जीपचं बॉनेट उघडण्याआधी इमामभाई तोंडाला रुमाल बांधायचे. नाकावरून घेऊन मानेमागं घट्ट गाठ मारायची, एकदा खाकरायचं आणि मग आत हात घालायचा. शिरूरला आमचं फिरतं आरोग्य पथक नुकतंच सुरू झालं होतं. पथक म्हणजे एक डॉक्टर, मी नर्स, ड्रायव्हर इमामभाई आणि लढाईत वापरून झालेली एक जुनी जीप. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. मी चोवीस वर्षांची होते आणि माझी नेमणूक हंगामी होती. गावोगाव जाऊन लशी टोचायच्या, बाळंतिणी बघायच्या, विहिरीत औषध टाकायचं, हे आमचं काम.

त्या रुमालाचं मला हसू यायचं. एकदा त्यांनी आपण होऊन कारण सांगितलं. त्यांचे वडील पिंजारी होते. बाजारपेठेमागच्या एका खोलीत दिवसभर कापूस पिंजायचे आणि त्याच खोलीत सगळं घर झोपायचं. भाकरीवर कापूस, पाण्यावर कापूस, डोळ्यांच्या पापण्यांवर कापूस. वडील चाळिशीच्या आत खोकून खोकून गेले. चाकात हवा कमी आहे हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात इमामभाईंनी हे सांगितलं, आणि पुढं म्हणाले, "मानूस काय आन् इंजिन काय, आत काय जातंय त्याच्यावर हाय सगळं. पेट्रोल समदे बघत्यात. हवा कोन बघतो?"

ते उंच, वाळकुंडे, पन्नाशीला टेकलेले होते. लढाईच्या काळात मिसरच्या वाळवंटात त्यांनी लष्कराची लॉरी चालवली होती. तिथल्या वाळूनं इंजिनं कशी भराभर मरायची हे ते फार बारकाईनं सांगत. तिथं माणसं कशी मरायची हे मात्र कधीच सांगत नसत. आम्ही विचारलं की "मेली की" एवढंच म्हणायचे.

रस्त्यावरची त्यांची तऱ्हा डॉक्टरांना सोसायची नाही. पुढं एसटी दिसली की इमामभाई जीप बाजूला घेऊन लिंबाच्या झाडाखाली उभी करायचे आणि धुरळा पुरता खाली बसेपर्यंत हलायचे नाहीत. गावात गेल्यावर वारा कुठून येतो ते बघून मगच गाडी लावायचे. खळ्यावर मळणी चालली असेल तर गावाबाहेरच थांबायचे आणि आम्हाला औषधांच्या पेट्या घेऊन चालत जावं लागायचं. डॉक्टर वयानं लहान, स्वभावानं मऊ. ते कुरकुरायचे, पण बोलायचे नाहीत. बोललेच तर इमामभाईंचं उत्तर तयार असायचं. जिभेला त्यांच्या धार होती. एकदा ते डॉक्टरांना म्हणाले की तुम्ही नाडी बघता, पण छाती कधी बघणार? 

मी त्यांच्या तावडीत सापडले ती केंदूरच्या वाटेवर. भर उन्हात गाडी उभी केली, बॉनेट उघडलं आणि माझ्याकडं कापसाचा एक बोळा मागितला. जीपला कंपनीचीच एक गाळणी असते. तिच्या तळाशी वाटीत तेल असतं. बाहेरची हवा तेलावरून जाते, धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा रबरी नळीतून इंजिनात शिरते. ती नळी इमामभाईंनी काढली आणि कापूस तिच्या आतून फिरवून माझ्यापुढं धरला. तो काळा झाला होता आणि त्यात बोटाला बारीक वाळू लागत होती.

ते म्हणाले, "ही गाळणीच्या पल्याडची बाजू. इथं धूळ असायला नगं. आन् ही बघा." त्यांनी नळी वाकवली. रबराला खालच्या अंगानं लांब चीर पडली होती. गाळणी आपलं काम करत होती आणि धूळ तिला चुकवून मधल्या चिरेतून सरळ आत जात होती. मग त्यांनी मला विचारलं की तुम्ही जखम बांधताना तोंडाला फडकं बांधता, ते एका बाजूनं फाटलेलं चालेल का? मी नाही म्हणाले. "मंग तुम्हाला कळलं," ते म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला आपलं माणूस धरलं.

नव्या नळीसाठी त्यांनी अर्ज केला. अर्ज पुण्याला गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी स्वतःच हात घातला. सायकलची जुनी ट्यूब कापून नळीवर दोन पदरी चढवली आणि दोन्ही टोकांना तारेचे वेढे घेऊन आवळली. गाळणी बॉनेटखालची तापलेली, धुळीची हवा ओढते, ती वरची थंड हवा का ओढू नये, असं त्यांच्या मनात आलं. बाजारातल्या पत्रेवाल्याकडून त्यांनी पन्हाळीच्या पत्र्याचं एक नळकांडं वळून घेतलं आणि ते गाळणीच्या तोंडापासून काचेच्या कडेनं टपाच्या उंचीपर्यंत नेलं. वरच्या टोकाला वनस्पती तुपाचा रिकामा डबा. डब्याच्या बुडाला भोकं, आत जुन्या गादीतला काथ्या पिंजून, तेलात बुडवून, पिळून भरलेला. काथ्या पिंजताना त्यांची बोटं फार भरभर चालायची. लहानपणीच शिकलेलं काम असणार, पण तसं ते म्हणाले नाहीत.

याचा फरक मला, यंत्रातलं काही न शिकलेल्या बाईला, दिसला. पाबळच्या बाजूची जी चढण जीप कण्हत दुसऱ्या गियरात चढायची, ती तिसऱ्यात चढायला लागली. मागचा निळा धूर कमी झाला. रोज संध्याकाळी शिरूरला परतलं की इमामभाई डबा उतरवून काथ्या रॉकेलमध्ये धुवायचे, गाळणीच्या वाटीतलं तेल ओतून तळाचा गाळ मला दाखवायचे. आज एवढा, काल एवढा. "हे समदं पोटात गेलं असतं," म्हणायचे. मी पाय दुखत असले तरी उभी राहून बघायची. खरं सांगायचं तर मला त्यात गोडी लागली होती. दुसरं कुणी बघत नव्हतं. गावात पोरं "धुराड्याची गाडी आली" म्हणून ओरडायची, डॉक्टरही त्याला धुराडंच म्हणायचे.

पुढचं सगळं एका नकारातून झालं. भीमेकाठी एक बडे बागाईतदार होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. संस्था, निवडणुका, सगळीकडं त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या वस्तीवर आम्ही टोचायला गेलो असताना त्यांनी डब्याची चौकशी केली आणि आपल्या मोटारीलाही तसाच करून द्या म्हणाले. इमामभाईंनी विचारलं की रोज धुणार कोण? आप्पा म्हणाले, धुईल कुणीतरी गडी. इमामभाईंनी मान हलवली.

"मंग नगं, आप्पा. न धुतलेला डबा नसल्यापरास वाईट. गाडीचा गळा दाबल्यावानी हुतं."

आप्पा हसले आणि म्हणाले की तुम्ही करून तर द्या, पुढचं आम्ही बघू. इमामभाई म्हणाले की तुमची चार माणसं गोठ्यातलं शेण वेळेवर उचलत नाहीत, ती काथ्या काय धुणार. ते खरं होतं. शेणाचा वास आम्हा सगळ्यांना येत होता. पण चारचौघांत असं त्यांना कुणी कधी बोललं नसावं. आप्पांनी आमचा चहा तेवढा होऊ दिला. पंधरा दिवसांत पुण्याचे साहेब तपासणीला आले.

साहेबांनी दप्तर पाहिलं, औषधं पाहिली आणि मग ते थेट जीपपाशी गेले. आप्पांनी काय सांगितलं होतं ते कळायला मार्ग नाही, पण साहेबांना कुठं बघायचं ते ठाऊक होतं. सरकारी वाहनाला तुपाचा डबा बांधलेला पाहून ते आधी हसले, मग चिडले. सगळं काढा आणि गाडी मूळची होती तशी करा, म्हणाले. इमामभाईंनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण समजावून सांगण्याची त्यांची रीत साहेबांना चालण्यासारखी नव्हती. त्यांनी साहेबांनाही कापसाचा बोळा दाखवला. साहेब म्हणाले, हात धुऊन ये.

तेव्हा इमामभाई म्हणाले, "काढतो. पर हुकूम लिवून द्या."

"ड्रायव्हरला लेखी हुकूम द्यायला मी रिकामा नाही," साहेब म्हणाले.

डॉक्टर तिथं होते. मी तिथं होते. आमच्यासमोर इमामभाईंनी नळकांडं उतरवलं, डबा उतरवला, आणि साहेबांनी बोट दाखवल्यावर नळीवरची सायकलची ट्यूबसुद्धा सुरीनं कापून काढली. चीर उघडी पडली. नवी नळी लगेच पाठवतो, असं साहेब जाता जाता डॉक्टरांना म्हणाले.

नळी आली नाही. हिवाळा गेला, उन्हाळा लागला. इमामभाईंनी तीनदा अर्ज लिहवून घेतला. तिन्ही अर्ज मीच लिहिले, कारण त्यांना सहीपुरतंच येत होतं. चीर बंद ठेवायला मी त्यांना माझ्या पेटीतली चिकटपट्टी द्यायची. तेलानं आणि उष्णतेनं ती दोन दिवसांत सुटून यायची. ट्यूब पुन्हा का चढवत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले की चोरून करायला मी चोर नाही. निळा धूर परत आला आणि वाढत गेला. पाबळची चढण जीप आता पहिल्यात चढायची. इमामभाईंचं बोलणं कमी झालं. संध्याकाळी वाटीतला गाळ दाखवणं त्यांनी बंद केलं. मीही बघायला जाईनाशी झाले.

मे महिन्यात केंदूरला एक बाई दोन दिवस अडली होती. अनसूया तिचं नाव, पहिलटकरीण. आम्ही पोचलो तेव्हा मूल आडवं होतं आणि तिला पुण्याला न्यायलाच हवं होतं. दुपारचे दोन वाजले असतील. मागं गादी टाकून तिला निजवलं, तिची सासू पायाशी बसली, मी उशाशी. डॉक्टर पुढं. केंदूर सोडून तीनेक मैल गेलो असू, मोठा रस्ता अजून लांब होता, तेव्हा एका चढणीवर जीप थरथरायला लागली. धूर आमच्या अंगावर मागं आला. इमामभाईंनी गियर बदलून पाहिला, गाडी मागं घेऊन पुन्हा चढवून पाहिली. चढणीच्या मध्यावर ती थांबली आणि परत सुरू झाली नाही.

इमामभाईंनी मागं वळून पाहिलं नाही. खाली उतरले आणि शेतातनं पळत सुटले. त्या वयात, त्या उन्हात, ते केवढं पळाले हे मी पाहिलं आहे. एका वस्तीवरून बैलगाडी जुंपून आणायला त्यांना तासभर लागला. तोवर डॉक्टरांनी आणि मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. बैलगाडीत घातल्यावर अनसूयानं मला विचारलं की किती राहिलं? मी म्हणाले, आलंच. मोठा रस्ता दिसायच्या आधी ती गेली. सासू रडली नाही. तिनं पदरानं सुनेचं तोंड पुसलं, धूळ बसली होती म्हणून. बैलगाडीबरोबर चालणारे इमामभाई तेव्हा थांबले, आणि गाडी पुढं गेली तरी तिथंच उभे राहिले.

चौकशी लागली. कुणाच्या तरी अंगावर ते जाणारच होतं. ड्रायव्हरनं वाहनात परवानगीवाचून फेरफार केले आणि त्यानं इंजिन झिजलं, असा आरोप होता. चौकशीला तेच साहेब बसले. इमामभाईंचं म्हणणं एकच होतं: माझी वस्तू मी तुमच्यासमोर, तुमच्या हुकमानं उतरवली, त्याला सहा महिने झाले, इंजिन त्यानंतर गेलं. हुकूम दाखवा, असं त्यांना सांगण्यात आलं. तो नव्हताच. डॉक्टरांनी सांगितलं की तपासणीच्या दिवशी आपण दप्तराच्या कामात होतो, गाडीचं काय झालं ते आठवत नाही.

मग मला बोलावलं. माझ्या कायम नेमणुकीचे कागद त्याच साहेबांच्या टेबलावर होते. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. तेवढी गरज नव्हती. इमामभाई दाराशी बाकावर बसले होते. मला पाहून त्यांनी नेहमीसारखी मान लववली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं की ते निर्धास्त होते.

साहेबांनी विचारलं, "गाडी बंद पडली त्या दिवशी तो डबा तिच्यावर होता का?"

या प्रश्नाला यंत्रातलं काही कळावं लागत नव्हतं. होता की नव्हता, एवढंच. मी म्हणाले, "माझं लक्ष पेशंटकडं असतं. मला यंत्रातलं काही कळत नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. तीन अर्ज माझ्या अक्षरातले होते, तेही मी बोलले नाही आणि मला कुणी विचारलंही नाही. बाहेर पडताना मी बाकाकडं पाहिलं नाही.

इमामभाईंना काढून टाकलं. किल्ली द्यायला ते आले त्या दिवशी मी आत औषधांच्या बाटल्या लावत बसले होते. त्या आधीच लावलेल्या होत्या. नवी नळी महिन्याभरात पार्सलनं आली. नव्या ड्रायव्हरनं ती बसवली आणि जुनी कुंपणाबाहेर फेकून दिली. त्याच सुमाराला माझा कायम नेमणुकीचा कागद आला. आईनं पेढे वाटले.

सात-आठ वर्षांनी माझी दौंडला बदली झाली. तिथं गेल्यावर महिन्याभरातच माझा स्टोव्ह बिघडला. ज्योत पिवळी पडायची आणि भांडी काळी करायची. शेजारच्या काकू म्हणाल्या की स्टेशनच्या भिंतीला लागून एक म्हातारे मियाँ बसतात, त्यांच्या हातचा स्टोव्ह पुन्हा बिघडत नाही. मी पिशवीत घालून गेले.

गोणपाटाच्या सावलीला ते बसले होते. दाढी पांढरी झाली होती. माझ्या आधी त्यांनीच मला ओळखलं. "या, बाई," म्हणाले आणि बसायला एक डबा उलटा करून पुढं सरकवला. आई कशी आहे ते विचारलं. दौंडचं पाणी मानवलं का, ते विचारलं. मुलगा रेल्वेत चिकटलाय, बायकोला सांधेवात झालाय, असं सांगितलं. हे सगळं बोलताना हात चाललेच होते. स्टोव्ह उकलला, एकेक भाग फडक्यावर मांडला, पुसला, फुंकला, काडी घातली. पूर्वी असं काही उकललं की ते मला जवळ बोलावून दाखवत.

इतकी वर्षं मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून येईना. शेवटी मी म्हणाले, "इमामभाई, त्या वेळी मी..." आणि थांबले. ते पंप मारत राहिले. तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की काय बिघडलं होतं ह्याचं?

ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. तुम्हाला यंत्रातलं कळत न्हाई."

मान वर केली नाही त्यांनी. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. काडी ओढून त्यांनी स्टोव्ह पेटवला, ज्योत निळी होऊन सरळ उभी राहीपर्यंत बघितली, आणि ज्योतीकडंच बघत म्हणाले, "चौकशीचा कागद म्या लेकाकडनं वाचून घेतला हुता. सायबानं काय लिवलं त्याचं काय न्हाई. त्ये लिवनारच हुतं. पर दोन वर्षं म्या ज्या मानसाला समदं सांगत आलो, त्येला कायबी कळलं न्हवतं, हे मला त्या कागदावरनं कळलं."

मग स्टोव्ह विझवून, गार होऊ देऊन, त्यांनी माझ्या पिशवीत नीट ठेवून दिला. एका हातानं तळ धरून पिशवी माझ्या हातात दिली. पुढचं गिऱ्हाईक उभंच होतं. त्यांनी त्याच्याकडून कंदील घेतला.

दौंडला मी पुढं तीन वर्षं काढली. स्टोव्ह बिघडला की काकूंच्या हाती पाठवायची. तो दुरुस्त होऊन यायचा. काकू म्हणायच्या की कुणाचा आहे ते त्यांनी विचारलं नाही.

एकदा सकाळी रेल्वेच्या पुलावर ते मला पुढं दिसले. दोन्ही हातांत एकेक स्टोव्ह होता आणि कठड्याच्या बाजूनं ते एकेक पायरी चढत होते. गर्दी नव्हती. मी चार पावलांत त्यांना गाठलं असतं, एक स्टोव्ह हातात घेतला असता. मी खालच्या पायरीवर उभी राहिले, पर्स उघडून काही शोधत असल्यासारखी. वर जाऊन ते पलीकडं उतरून दिसेनासे होईपर्यंत मी तशीच उभी होते. माझी गाडी त्या दिवशी चुकली.